२०० चा प्लॅन, बेडरूममध्ये ३६ : पाथर्डी फाट्यावरच्या एका फ्लॅटचा हिशेब

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळची सात मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट. प्लॅन २०० एमबीपीएसचा (सेकंदाला मेगाबिट), डाउनलोड आणि अपलोड दोन्हीला. लाइन फायबरची. देणारा स्थानिक केबलचालक, म्हणजे वरच्या कंपनीकडून क्षमता विकत घेऊन ती आपल्या भागात घरोघरी पोहोचवणारा. घरात पाच माणसं: आजी-आजोबांची संध्याकाळ टीव्हीवरच्या मालिकांत जाते, सून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते आणि अमेरिकेतल्या क्लायंटमुळे तिच्या मीटिंगा रात्री नऊनंतर असतात, मुलाचे क्लासचे व्हिडिओ आणि गेम चालू असतात.

तक्रार अशी : दोनशेचे पैसे भरतो, मागच्या बेडरूममध्ये छत्तीस येतात आणि रात्री मीटिंगमध्ये समोरच्याचा चेहरा गोठतो. लाइनमन येऊन गेला होता. हॉलमध्ये उभं राहून स्वतःच्या फोनवर ९० दाखवून "काका, आमच्याकडून फुल आहे, तुमच्या राउटरचा प्रॉब्लेम आहे" असं सांगून गेला. त्यानंतर घरच्यांनी बाराशे रुपयांचा एक्स्टेंडर, म्हणजे वाय-फायचा सिग्नल पुढे ढकलणारा डबा, आणून बेडरूममध्ये लावला. फोनवर वाय-फायच्या कांड्या पूर्ण भरल्या आणि वेग वीसवर आला.

लाइनमन अर्धा बरोबर होता, आणि अशा तक्रारी वर्षानुवर्षं लोंबकळतात त्या याच अर्ध्यामुळे. या घरात दोष एक नव्हता, पाच होते. चार घरातले किंवा दारापर्यंतचे, एक चालकाकडचा. एक दुरुस्त केला तरी दुसरा तसाच राहतो, आकडा हलत नाही आणि मग "काही उपयोग नाही" म्हणून सगळंच सोडून दिलं जातं. प्रत्येक दोषाचा आकडा मात्र वेगळ्या तऱ्हेने वागतो. एकाच जागी खिळून राहणारा आकडा, खोलीप्रमाणे बदलणारा आकडा आणि घड्याळाप्रमाणे बदलणारा आकडा, हे तीन वेगळे आजार आहेत.

जाहिरातीतला आकडा लागतो कुठे

२०० ही चालकाच्या सर्व्हरवर तुमच्या खात्याला घातलेली वरची मर्यादा असते. तुमचा राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन, म्हणजे पीपीपीओईने, लॉगिन करतो आणि सर्व्हर त्या खात्याला २०० ची वेसण घालतो. त्याच्या अलीकडे स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा), फायबर, ओएनटी (फायबरमधला प्रकाश घेऊन तो तारेत देणारा ग्राहकाकडचा डबा), घरातली तार, राउटर आणि वाय-फाय. पलीकडे चालकाच्या नोडपासून, म्हणजे त्याच्या भागातल्या केंद्रापासून, मुंबईपर्यंतची लाइन. यातल्या कशालाही २०० ची हमी नसते. जाहिरातीतलं "अप टू" इथे कामी येतं.

नियमांची भाषाही बघण्यासारखी आहे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २००६ च्या ब्रॉडबँड सेवा-दर्जाच्या नियमांत घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळावा असं होतं, पण ते माप आयएसपीच्या (इंटरनेट कंपनीच्या) नोडपासून ग्राहकापर्यंतचं होतं. नोडच्या पुढे मुंबईपर्यंत काय होतं, ते त्या मापात येत नव्हतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या नियमांची जागा लँडलाइन, मोबाइल आणि ब्रॉडबँड यांच्या एकत्रित नियमांनी घेतली. आणि ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला कायद्याने किमान किती वेग लागतो? २ एमबीपीएस. जानेवारी २०२३ पर्यंत तर ५१२ केबीपीएस पुरत होता.

एक गैरसमज मोजणीआधीच काढावा लागला. मित्राकडच्या लाइनबद्दल मुलाचं म्हणणं होतं, "दोनशेची लाइन आणि गेम चोवीसने उतरते." ते चोवीस मेगाबाइट होते. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे २०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट. त्याच्या मित्राकडे बसून उतरवलेल्या त्या गेमला पूर्ण वेग मिळत होता. त्याच्या स्वतःच्या घरात तोच आकडा अकराच्या वर जात नव्हता. ही गोष्ट पुढे उपयोगी पडली.

मोजणी तारेपासून

वाय-फायवर बसून मोजलेल्या वेगाने चालकाशी भांडता येत नाही, आणि भांडूही नये. पहिलं माप ओएनटीला थेट लॅपटॉप जोडून घ्यायचं. त्यात तीन अडचणी हटकून येतात.

लॅपटॉपचा नेटवर्क पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, हवा. पातळ लॅपटॉपला पोर्टच नसतो आणि बाजारातले स्वस्त यूएसबी अडॅप्टर १०० एमबीपीएसचे असतात. त्याने मोजलं तर लाइन कितीही चांगली असली तरी ९४ च दिसणार. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे इथरनेट उघडून लिंक स्पीड १०००/१००० आहे का ते बघावं. दुसरं, ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः लॉगिन न करता लाइन नुसती पुढे देत, असेल तर लॅपटॉपवर डायल-अपमध्ये पीपीपीओईचं नवं कनेक्शन करून युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो. काही चालक खातं राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवतात, तेव्हा फोन करून ते बंधन काढून घ्यावं लागतं. तिसरं, ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतील तर पोर्ट नीट बघावा. अशा कित्येक डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, बाकीचे १०० चे. पोर्टखाली "जीई" (गिगाबिट) किंवा "एफई" (१०० चा) छापलेलं असतं, त्यातला जीई घ्यायचा.

चाचणीचा सर्व्हरही हाताने निवडायचा. अ‍ॅप आपोआप सगळ्यात जवळचा सर्व्हर घेतं आणि तो बहुतेक वेळा चालकाच्याच नेटवर्कमधला असतो. या प्रकरणात प्रत्येक वेळी दोन चाचण्या घेतल्या : एक चालकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर, एक मुंबईतल्या दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर.

सकाळी साडेसातला मुंबईच्या सर्व्हरवर आलेले आकडे, एमबीपीएसमध्ये :

ओएनटीला थेट लॅपटॉप : १९८
राउटरच्या लॅन पोर्टला (घरातली यंत्रं जोडायच्या) लॅपटॉप : ९४
हॉलमध्ये फोन, ५ गिगाहर्ट्झवर : ८८ ते ९२
मागच्या बेडरूममध्ये फोन : ३२ ते ३९
त्याच बेडरूममध्ये एक्स्टेंडरवरून : १७ ते २२

सकाळी दारापर्यंत पूर्ण वेग येतो, हे पहिल्या ओळीने सिद्ध झालं. अर्ध्याहून जास्त वेग घराच्या आतच, आणि तोही वाय-फाय सुरू होण्याआधी, गळत होता.

९४ ची खूण

९४ हा आकडा दिसला की शंका घ्यायला जागा उरत नाही. १०० एमबीपीएसच्या इथरनेटवरून १५०० बाइटचं पाकीट पाठवायचं तर तारेवर प्रत्यक्षात १५३८ बाइटांची जागा जाते, आणि त्या १५०० मध्येही टीसीपी-आयपीचे मथळे (पत्ता आणि क्रम सांगणारी माहिती) असतात. खरा माल उरतो साधारण ९४ टक्के. त्यामुळे वाटेत कुठेही १०० चा दुवा असेल तर चाचणी ९३ ते ९५ च्या मध्ये येऊन थांबते, सकाळी, दुपारी, कधीही. फोनवर दिसलेले ९० हे त्याच ९४ मधून वाय-फायने थोडं खाल्लेलं. लाइनमनला जे "फुल" वाटलं, ते छताला डोकं टेकल्यासारखं होतं.

राउटर उलटा करून पाहिला. खोक्यावर मोठ्या अक्षरात "एसी १२००". हे १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज, तीही हवेतल्या कागदोपत्री वेगांची. त्याच राउटरच्या मागे वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून येणारी लाइन घेणारा, मात्र १०/१०० चा. हवेत १२०० आणि तारेतून १००, असा माल आजही दुकानात सर्रास मिळतो. खरेदी करताना खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात "गिगाबिट वॅन" किंवा १०/१००/१००० लिहिलंय का, एवढंच वाचायचं. पुढचा आकडा सोडून द्यायचा.

गिगाबिट पोर्टांचा नवा राउटर आणला, अडीच ते तीन हजारांच्या घरात मिळतो तो. जोडला. आकडा : ९४.

इथे बहुतेक जण राउटर परत करून चालकाला शिव्या घालतात. नव्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा लिंक स्पीड १०० दिसत होता, म्हणजे दोष राउटर आणि ओएनटी यांच्यामधल्या तारेत. ओएनटी मुख्य दाराशेजारच्या डक्टमध्ये, राउटर हॉलच्या टीव्ही युनिटमध्ये, आणि मधली चौदाएक मीटर कॅट-५ई तार बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने कन्सील टाकलेली. दोन्ही टोकांना केबल टेस्टर लावला. आठांपैकी १, २, ३ आणि ६ एवढेच दिवे लागले.

टीव्ही युनिटमागचा बॉक्स उघडल्यावर कारण दिसलं. निळी आणि तपकिरी जोडी मुळापासून सोलून, पिळून, इंटरकॉमच्या फोनला दिलेली होती, वरून काळी टेप. इलेक्ट्रिशियनने एका तारेत दोन कामं उरकली होती. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला दोनच जोड्या पुरतात, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यातही गंमत अशी की वाटाघाटी पहिल्या दोन जोड्यांवर होतात. दोन्ही बाजू "आम्ही गिगाबिट" म्हणून कबूल करतात, चार जोड्यांवर जुळवायला जातात, जमत नाही, आणि मुकाट्याने १०० वर उतरतात. राउटर चालू केल्यावर लिंकचा दिवा लागायला जास्तच वेळ घेत असेल, तर हे एक लक्षण समजावं. काही उपकरणांना खाली उतरता येत नाही. तिथे लिंकच लागत नाही आणि "नवा राउटर खराब" असा शिक्का बसतो.

दुरुस्ती तासाभराची. इंटरकॉमला पट्टीतून वेगळी दोन तारांची लाइन दिली. कन्सील तारेच्या दोन्ही टोकांना ताजी क्रिम्पिंग केली (प्लग नव्याने दाबून बसवले), दोन्हीकडे एकच क्रम : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. नवी तार विकत घ्यायची वेळ आली तर शुद्ध तांब्याची मागावी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली "सीसीए" तार स्वस्त पडते, पण क्रिम्पमध्ये तुटते आणि तिचा गिगाबिट दोन महिन्यांनी १०० होतो.

टेस्टरवर आठही दिवे, लिंक १०००, आणि राउटरच्या लॅन पोर्टवर लॅपटॉप : १९६. गेम चोवीसने उतरू लागली.

दोन दोष एकामागे एक होते आणि दोघांचं छत ९४ च होतं. राउटर आधी बदलला असता किंवा तार आधी दुरुस्त केली असती, तरी पहिल्या दुरुस्तीनंतर आकडा जागचा हलणारच नव्हता. म्हणून वेगाच्या चाचणीपेक्षा प्रत्येक दुव्याचा लिंक स्पीड बघणं जास्त भरवशाचं.

असेच खिळून राहणारे आणखी दोन आकडे असतात. प्लॅन वाढवूनही वेग बरोबर जुन्या प्लॅनएवढा राहिला, तर सर्व्हरवर खात्याचा प्रोफाइल बदललेला नसतो किंवा जुनं सेशन तुटलेलं नसतं. ओएनटी-राउटर पाच मिनिटं बंद ठेवून चालू करावेत, तरी तेच आलं तर फोन करावा. आणि चोवीस तास अगदी थोड्यावर अडकला असेल तर डेटाची मर्यादा संपलेली असते. अनेक "अनलिमिटेड" प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची रेघ असते. या घराचा वापर तिच्या अर्ध्यालाही पोचत नव्हता, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

खोलीप्रमाणे बदलणारा आकडा

तार सुधारल्यावर हॉलमध्ये फोनवर १८० च्या पुढे गेलं. बेडरूममध्ये मात्र ३९ चे फार तर ४३. तारेचा दोष आणि हवेचा दोष वेगळे असतात, याचा याहून स्वच्छ पुरावा नको.

राउटर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात होता, पुढे ४३ इंची टीव्हीची धातूची पाठ, बाजूला आजोबांचा फिश टँक. मागच्या बेडरूमपर्यंत सरळ रेषेत नऊ मीटर, पण मध्ये बाथरूम : दोन्ही बाजूंनी टाइल, भिंतीत पाण्याच्या लाइनी, कोपऱ्यात आरसीसी कॉलम. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे पोहोचेपर्यंत उणे ७८ डीबीएमवर आलेला (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण). दोन्ही बँडना एकच नाव असल्याने फोन गुपचूप २.४ गिगाहर्ट्झवर सरकत होता. तिथे इमारतीतली आणि समोरच्या सोसायटीची नेटवर्कं दाटीवाटीने बसलेली, २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. या राउटरने "ऑटो" मध्ये चॅनेल ३ घेतला होता, तोही ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा, म्हणजे १ वाल्यांशीही भांडण आणि ६ वाल्यांशीही.

वाय-फायला रस्ता एकच असतो. एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात, शेजाऱ्याचा राउटरसुद्धा. म्हणून फोनवर दिसणाऱ्या लिंक स्पीडच्या निम्मा ते साठ टक्केच खरा वेग धरायचा. २.४ वर २० मेगाहर्ट्झमध्ये दोन अँटेनांच्या फोनचा लिंक स्पीड १४४; त्यातले ७०-८० मोकळ्या हवेत, शेजाऱ्यांच्या गर्दीत ३५-४०. घरच्यांचा छत्तीस इथून आला होता.

एक्स्टेंडरचं कोडंही इथेच सुटतं. तो बेडरूममध्येच लावलेला, म्हणजे जिथे सिग्नल आधीच मेलेला. तिथे तो जे काही ऐकतो तेच त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेळ दुप्पट लागतो आणि वेग निम्मा होतो. फोनला मात्र दोन हातांवर एक्स्टेंडर दिसतो, म्हणून कांड्या पूर्ण. कांड्या म्हणजे राउटरच्या किंवा एक्स्टेंडरच्या सिग्नलचा जोर; वेग नव्हे. एक्स्टेंडर लावायचाच तर निम्म्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून उणे ६० च्या आसपास आहे तिथे. त्यापेक्षा तार ओढणं केव्हाही चांगलं.

इथे तारच ओढली. टीव्ही युनिटमागच्या बॉक्सपासून पॅसेजपर्यंत सात मीटर कॅट-६ पांढऱ्या पट्टीतून, राउटर पॅसेजच्या भिंतीवर सुमारे सात फुटांवर, जिथून तिन्ही बेडरूमची दारं दिसतात. त्याच पट्टीतून दुसरी तार परत टीव्हीला. टीव्हीचा नेटवर्क पोर्ट १०० चाच असतो, पण फोर-के चित्रपटाला १५ ते २५ एमबीपीएस लागतात, त्यामुळे तिथे १०० ची अडचण नाही. उलट सगळ्यात जास्त वेळ चालणारं यंत्र हवेतून उतरलं. २.४ गिगाहर्ट्झ २० मेगाहर्ट्झवर आणि चॅनेल ११ वर कायम केला, ५ गिगाहर्ट्झ ८० मेगाहर्ट्झवर. फिश टँक जागच्या जागी राहिला.

मागच्या बेडरूममध्ये सिग्नल उणे ६१, वेग १४५ ते १६५. एक्स्टेंडर कपाटात.

प्रकाशाचा हिशेब

घरच्यांनी न विचारताच एक गोष्ट सांगितली होती : पावसात लाइन जाते, ओएनटीवर एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकतो, अर्ध्या तासाने आपोआप येते. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी वाचता येते. ती उणे २६.९ डीबीएम होती. जीपीओएनच्या, म्हणजे एका फायबरवरून अनेक घरांना लाइन देण्याच्या पद्धतीच्या, नेहमीच्या बी-प्लस वर्गात उणे २७ ही ओएनटीची शेवटची कड. म्हणजे लाइन कठड्यावर उभी होती.

किती असायला हवी होती, याचा हिशेब करता येतो. चालकाच्या ओएलटीतून, म्हणजे फायबरच्या त्याच्याकडच्या टोकाच्या यंत्रातून, निघतात साधारण अधिक ४ डीबीएम. वाटेत दोन स्प्लिटर, एक चौकातल्या खांबावर आणि एक इमारतीच्या डक्टमध्ये, दोन्ही एकास आठ. प्रत्येकाचे साडेदहा, मिळून २१ डीबी गेले. तीन किलोमीटर फायबरचं पाऊण डीबी. सांधे आणि कनेक्टर मिळून दोन धरू. उरतात उणे २० च्या आसपास. प्रत्यक्षात सात डीबी जास्त हरवत होते, म्हणजे यायला हवा होता त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा प्रकाश येत होता.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खोदले जातात, फायबर तुटते, जोडली जाते, दर जोडाला थोडं जातं; पण सात डीबी तिथे जात नाहीत. ते डक्टमध्ये सापडले. इमारतीच्या बॉक्समधला हिरवा कनेक्टर निळ्या अडॅप्टरमध्ये खुपसलेला होता. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट. दोघांत हवेची फट राहते आणि तीनएक डीबी तिथेच जातात. शिवाय ड्रॉप केबल (बॉक्सपासून ओएनटीपर्यंतची फायबर) प्लास्टिकच्या टायने पाइपला करकचून बांधलेली, आणि डक्टच्या दाराच्या बिजागरीत दर वेळी चेपली जाणारी. केबलचा वळसा तीन सेंटिमीटर त्रिज्येच्या आत जाऊ न देणं हा साधा नियम. वळण सोसणारी खास फायबर असली तर सवलत मिळते, पण कुठली टाकली आहे ते बाहेरून कळत नाही. लाइनमनला बोलावून अडॅप्टर हिरवा बसवून घेतला, टोकाला नवा फास्ट कनेक्टर, केबल सैल गुंडाळीत. पातळी उणे २१.३.

यानंतर वेगाची चाचणी घेतली तर आकडा काडीनेही वाढला नाही. वाढायचाच नव्हता. फायबरवर प्रकाश कमी झाला म्हणून वेग थोडा थोडा उतरत नाही; कडेपर्यंत सगळं ठीक चालतं, कडेला चुका सुरू होतात, पुढे लाइनच पडते. मधल्या पट्ट्यात पाकिटं हरवतात आणि ते एकेका डाउनलोडला जबर बसतं : २० मिलिसेकंदांच्या वाटेवर शंभरात एक पाकीट हरवलं, तर जुन्या धाटणीच्या टीसीपीला एका कनेक्शनवर सातएक एमबीपीएसच मिळतात, प्लॅन कितीचाही असो. पावसाळ्यातले लाल दिवे मात्र थांबले.

घड्याळाप्रमाणे बदलणारा आकडा

उरली रात्र. आठवडाभर लॅपटॉप तारेने जोडून ठराविक वेळांना मोजणी केली. सकाळी सातला १९८, दुपारी तीनला १९०, रात्री साडेनऊला ८८ ते ११५, साडेअकरानंतर पुन्हा १८० च्या वर. रविवारी संध्याकाळी सातपासूनच घसरण.

रात्रीच्या त्याच मिनिटाला चालकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चाचणी घेतली : १९७. म्हणजे घर ते नोड रस्ता मोकळा. ट्रेसरूट, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक टप्प्यापर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, तेच सांगत होतं. पहिला टप्पा, चालकाचा नोड, सकाळी ३ मिलिसेकंद, रात्री ४. दुसरा टप्पा सकाळी ६, रात्री ५८. तिथून मुंबईपर्यंत सगळे टप्पे तसेच फुगलेले, शेवटी ६६. हे शेवटपर्यंत बघणं महत्त्वाचं आहे. मधला एखादा राउटर पिंगला सावकाश उत्तर देतो म्हणून त्याचा आकडा मोठा दिसतो, पण पुढचे टप्पे नेहमीचे असतील तर तिथे दोष नसतो. इथे फुगवटा दुसऱ्या टप्प्यावर सुरू झाला आणि उतरला नाही. गल्ली मोकळी आणि नाशिकच्या द्वारका चौकात कोंडी, असा प्रकार.

अशा वेळी लोक स्प्लिटरला दोष देतात, "एका फायबरवर चौसष्ट घरं आहेत" म्हणून. जीपीओएनचा एक पोर्ट २.४८८ जीबीपीएसचा, चौसष्टांनी एकदम ओढलं तर वाट्याला ३९ एमबीपीएस येतील, हे खरं. पण चौसष्ट जण एकदम ओढत नाहीत. आणि पोर्ट भरला असता तर पहिलाच टप्पा फुगला असता. तो हललाही नव्हता.

चालकाच्या कार्यालयात आकडे समोर ठेवल्यावर तोंडी मिळालेली माहिती : या नोडवर साडेचारशेच्या आसपास जोडण्या, वर जाणारी क्षमता १ जीबीपीएस. डोई सव्वादोन एमबीपीएस. एवढ्यावरही दिवसभर निभतं, कारण लोक सतत ओढत नाहीत. रात्री नऊला तिसरा हिस्सा घरांमध्ये एकेक एचडी व्हिडिओ चालला, प्रत्येकी सहा एमबीपीएस धरा, तर नऊशे तिथेच गेले. व्हिडिओ आधीच साठवून ठेवतो म्हणून निभावतो. मीटिंगला साठवणूक नसते, ती गोठते. गर्दी वाटून घेणं हा या धंद्याचा पायाच आहे, त्यात गैर काही नाही. पण नोडवर १ जीबीपीएस असताना दोनशेचे, तीनशेचे प्लॅन विकत राहणं आणि रात्रीची तक्रार आली की ग्राहकाच्या राउटरकडे बोट दाखवणं, हे गैर आहे.

ही तक्रार फोनवर करून उपयोग नसतो. ग्राहक क्रमांक, प्लॅन, तारेने जोडून घेतलेले आठवड्याचे आकडे वेळेसह, त्याच मिनिटाला दोन सर्व्हरवरच्या चाचण्यांची चित्रं, सकाळ-रात्रीचे ट्रेसरूट आणि ओएनटीची दुरुस्तीनंतरची प्रकाशपातळी, एवढं एका ईमेलमध्ये पाठवून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतला. मजकूर एका ओळीचा : घर ते नोड वेग पूर्ण आहे, नोडच्या वर रोज रात्री क्षमता संपते. यावर "राउटर रीस्टार्ट करा" असं उत्तर देता येत नाही. डॉकेटवर समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी घेत नाही, तिथे अर्ज पाठवून वेळ घालवू नये. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. दूरसंचार सेवेचे वाद तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

अपिलापर्यंत जावं लागलं नाही. इमारतीतल्या आणखी सहा घरांनी तशीच मोजणी करून तसाच ईमेल पाठवला आणि चालकाने नोडची क्षमता दुप्पट केली. आता रात्री साडेनऊला १६० ते १८५ येतात, क्रिकेटच्या सामन्याच्या रात्री १३० पर्यंत उतरतात, दुसरा टप्पा १२ मिलिसेकंदांच्या पुढे जात नाही. चालकाने वर्षभराचे पैसे आगाऊ भरल्यास दोन महिने मोफत देऊ केले होते. घरच्यांनी महिन्याच्या महिन्यालाच भरायचं ठरवलं आहे. जोडण्या साडेचारशेच्या सहाशे झाल्या तर दुप्पट केलेली क्षमताही पुन्हा अपुरी पडेल, आणि तेव्हा चालक बदलायला हात मोकळे हवेत.